शुचिर्भूत रुग्णांनाच उपचार?

5 जुलै 1948 रोजी ब्रिटनच्या मजूर सरकारने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. वेल्समधील खाणकामगाराचे पुत्र असलेले आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी तिच्या दाराशी एकच प्रश्न ठेवला होता : माणूस आजारी आहे काय? कवळ्या आणि चष्मे यांचे पैसे रुग्णाकडून घेण्याचे ठरताच 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. शस्त्रास्त्रांना पैसा आहे आणि कवळीला नाही, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता.

आज त्याच दाराशी दुसराच पहारेकरी उभा आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये हर्टफर्डशायर परगण्यातील दोन आरोग्य मंडळांनी ठरवले की, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने आठ आठवडे धूम्रपान सोडलेले असले पाहिजे आणि श्वासाच्या चाचणीने ते सिद्धही केले पाहिजे. रुग्णांचे हित आणि तुटपुंज्या निधीचा योग्य विनियोग अशी दुहेरी कारणे देण्यात आली. शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजनेच यास विरोध केला. ही मंडळे 2022 मध्ये बरखास्त झाली. वृत्ती मात्र बरखास्त झालेली नाही.

ही वृत्ती सर्वांत क्रूर ठरते ती कर्करोगाने स्तन गमावणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत. स्तन काढणे हा उपचार, पण तो पुन्हा घडवणे ही जणू हौस, अशी वर्गवारी केली की पुढचे सारे सोपे होते. अनेक ठिकाणी या पुनर्रचनेसाठी धूम्रपान न करण्याची अट घातली जाते.

या अटीमागे वैद्यकीय सत्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ते नाकारणे हा समाजवाद नव्हे, अडाणीपणा होय. पोटावरची त्वचा आणि चरबी उचलून छातीवर बसवताना अतिशय बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. निकोटिनने त्या आकसतात, धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. परिणामी बसवलेला भाग मरू शकतो, जखम चिघळते. धूम्रपान थांबवा, असे सांगणारा शल्यचिकित्सक रुग्णाचा शत्रू नाही.

परंतु सल्ला निराळा आणि फाटक निराळे. कर्करोगाचे निदान झाल्यावर शस्त्रक्रिया काही आठवड्यांतच करावी लागते. गाठ कोणासाठी थांबत नाही. वीस-पंचवीस वर्षांची सवय त्या अवधीत, आणि तीही मरणाच्या भीतीखाली, सुटावी ही अपेक्षा धरायची. ती फसली की कर्करोगाबरोबरच व्हावयाची पुनर्रचना पुढे ढकलायची. आणि एकदा पुढे ढकलली की तिला बिनतातडीच्या रांगेत शेवटी उभे करायचे. ती रांग किती लांबते हे 2020 च्या महासाथीत दिसले. तेव्हा या शस्त्रक्रिया सरसकट थांबल्या होत्या. वर चाचण्यांचा विनोद पाहा. निकोटिनचा अंश शोधणाऱ्या चाचणीत सिगारेट सोडण्यासाठी दंडावर निकोटिनची पट्टी लावणारी स्त्रीही नापास होते!

धूम्रपान करते तरी कोण? ब्रिटनमध्ये 2017 साली अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांत चारांतील एक जण धूम्रपान करीत होता, व्यवस्थापक आणि उच्च व्यावसायिकांत दहांतील एक. म्हणजे नियम सर्वांना सारखा, पण तो अडवतो मात्र कामगाराच्या बायकोला. शिवाय 2015 पासून हुजूर पक्षाच्या सरकारने स्थानिक संस्थांचे सार्वजनिक आरोग्याचे अनुदान छाटले आणि व्यसनमुक्तीची केंद्रे त्यातच आक्रसली. शिडी काढून घ्यायची आणि वर का चढला नाहीस म्हणून दरडावायचे, असा हा शहाजोगपणा आहे. बर्फावरून घसरण्याची हौस भागवताना ज्याचा गुडघा निखळला, त्या गृहस्थाला मात्र हौस सोडल्याचा दाखला कोणी मागत नाही.

‘स्वतःच ओढवून घेतलेला रोग’ ही भाषा महाराष्ट्रातही नवी नाही. येथे तिचा बळी मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण. जबडा काढावा लागल्यास पायातील हाड घेऊन तो पुन्हा घडवता येतो. तेथेही रक्तवाहिन्यांचे शास्त्र तेच. पण विडी त्याच्या हाती दिली कोणी? सिन्नर, सोलापूर आणि सीमाभागातील निपाणी येथे विड्या वळून बायांच्या पिढ्या खपल्या. त्यांच्या संरक्षणासाठी 1966 चा कायदा करावा लागला. सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसी या सिगारेट कंपनीचे मोठे भाग आहेत. सिगारेटच्या नफ्यात वाटेकरी असलेल्या शासनाने आणि त्याच्या इस्पितळांनी रुग्णाला संयमाचे धडे द्यावेत, हे जरा अतीच झाले.

म्हणून अट घालायचीच तर ती आधी इस्पितळावर घालावी. निदान ज्या दिवशी कागदावर उतरेल त्याच दिवशी, त्याच इमारतीत, समुपदेशक आणि तंबाखू सोडवणारे औषध विनामूल्य मिळाले पाहिजे. पुनर्रचना लांबली तरी रांगेतील क्रमांक जाता कामा नये. आणि ती लांबवण्याचा निर्णय रुग्णाला स्वतः तपासणाऱ्या शल्यचिकित्सकाने कारणांसह लेखी द्यावा, जमाखर्च सांभाळणाऱ्या मंडळाने नव्हे.