गुन्हा कोणाचा?

रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स हिने १९१५ साली ऑक्सफर्डमध्ये पहिल्या वर्गात शिक्षण पुरे केले. बाई म्हणून पदवी मात्र मिळाली १९२० साली, विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या द्यायचे ठरवल्यावर. पुढे ती जाहिरात कंपनीत नोकरी करू लागली. १९२३ साली पहिली कादंबरी आली.

जानेवारी १९२४ मध्ये लग्नाशिवाय तिला मुलगा झाला. रजा काढून ती गुपचूप बाळंत झाली, मूल नात्यातल्या बहिणीकडे वाढले. खर्च तिने उचलला, पण स्वतःच्या आईवडिलांनाही सांगितले नाही. १९५७ साली ती वारली, तोवर जगाला पत्ता नव्हता. बाप नामानिराळाच राहिला.

तिच्या १९३० च्या ‘स्ट्राँग पॉयझन’ कादंबरीत लग्नाशिवाय प्रियकरासोबत राहिलेल्या लेखिकेवर त्याच्याच खुनाचा खटला चालतो. कोर्टात पुराव्याइतकेच तिचे चारित्र्य तोलले जाते. नायिकेला सेयर्सने निर्दोष सोडवले. स्वतःला सोडवणे तिला जमले नाही.

तिला भित्री म्हणणे सोपे आहे. शिक्षण, पगार, नाव, सारे असलेल्या बाईची ही गत, तर माझ्याकडे येणाऱ्या कुमारी मातेने कशाच्या बळावर बोलावे? बापाचे नाव उघड न करता अविवाहित आईला मुलाची कायदेशीर पालक होता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. पण खोली देणारा घरमालक, कामावर ठेवणारा मालक आणि माहेर यांना कोण सांगणार? ते काम आपल्या गटांचे आहे. तिला धीट हो म्हणण्याआधी तिच्या शेजारी उभे राहू या.