रांजण कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे गाव महाराष्ट्राला गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तेच गाव ‘तगर’ या नावाने येते. पैठणपासून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर. तेथले साधे कापड व मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जाई. तगर म्हणजे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचे साम्य असलेली मूर्ती तेरलाही सापडली आहे.

पैठणहून कोकणच्या बंदरांकडे जाणारी वाट जुन्नरवरून नाणेघाटाच्या तोंडाशी येई आणि तेथे गाडीची चाके थांबत. खालचा उतार जनावरांच्या पाठीवर व माणसांच्या डोक्यावर उरके. याच घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे त्यात नोंदले आहेत. ओझे वाहणाऱ्याच्या मजुरीचा आकडा मात्र कोठेही नाही. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरा सांगते. तो कोणाच्या घामाने भरला, हे ती सांगत नाही.

आज शहरातील तरुण पाठपिशव्या घेऊन नाणेघाटापासून जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे असे करीत भीमाशंकरपर्यंत माथ्यामाथ्याने काही दिवस चालतात. उजव्या हाताला कोकणात कोसळणारा कडा, डाव्या हाताला पठार, मध्ये कारवी व हिरड्याचे रान. या छंदाला चंगळ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या काळात प्रत्येक डोंगरावर मोटार नेण्याचा हट्ट चालला आहे, त्या काळात पायी चालणारा माणूस स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो पायाखालच्या वाटेचा.

ही वाट निसर्गाने दिलेली नाही, सहली काढणाऱ्या संस्थांनी तर नाहीच नाही. हिरडा वेचणाऱ्या, बाजाराला व सासर-माहेरी जाणाऱ्या महादेव कोळ्यांच्या पायांनी ती राखली आहे. वापर थांबला की झुडपे थोड्याच पावसाळ्यांत वाट गिळतात. म्हणजे ही वाट हे रोजच्या श्रमाने नवे होणारे सामाईक भांडवल आहे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले. अशा क्षेत्रात बाहेरून येणारा पाहुणा ठरतो आणि वाट पाडणाऱ्यालाच स्वतःच्या रानात परवानगी विचारावी लागते, ही व्यवस्था उफराटी होय.

गर्दी वाढली, कचरा वाढला, तेव्हा नियंत्रण हवेच, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु नियंत्रण म्हणजे ठेकेदार आणि शुल्काची खिडकी, हे समीकरण कोणी ठरविले? २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींवरील ऐतिहासिक अन्याय आपल्या उद्देशिकेतच मान्य केला आहे. गौण वनोपजावरील मालकी त्याने दिली. एवढेच नव्हे, तर सामूहिक वनसंपत्तीत कोणी, कसे यावे याचे नियमन करणारे निर्णय घेण्यास त्याच्या ५ व्या कलमाने ग्रामसभेला समर्थ केले आहे. तेव्हा मुक्कामाची जागा, वाटाड्याचे मोल, प्रवाशांची संख्या या गोष्टी तिनेच ठरवाव्यात.

आणि वाटेचे दुसरे टोक? येडशीजवळ बालाघाटाच्या कड्यावर रामलिंग घाटाचे छोटे अभयारण्य १९९७ पासून आहे. तेथून तेर जवळच. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. पण या टापूतून पश्चिमेकडे जाणारा आजचा मोठा लोंढा आहे ऊसतोड मजुरांचा. तगरचे कापड ज्या दिशेने गेले, त्याच दिशेने आता तगरचे मनुष्यबळ जाते. तेर ते नाणेघाट अशी पायवाट आखून तिच्या देखभालीचे काम वाटेवरील गावांना द्यावे, तर या टापूत काही रोजगार तरी उरेल. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये.

अशी योजना आलीच, तर आराखड्यातील पहिले पान नकाशाचे नसावे. शुल्क कोण घेणार, हिशेब कोणत्या ग्रामसभेत वाचला जाणार आणि ओझे वाहणाऱ्याला दिवसाला किती मिळणार, हे तीन रकाने त्या पानावर आधी भरलेले असावेत.