संकटाची तजवीज सुकाळातच व्हावी

नीरेपासून खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या खंडाळा तालुक्यात, विशेषतः शिरवळच्या परिसरात, जे कारखाने उभे राहिले, त्यांची बहुतेक सारी मालवाहतूक पुणे-बंगळूर या एकाच महामार्गावर विसंबून असताना, तो मार्ग खंडित झाल्यास काय करावे याची लेखी तजवीज किती कारखानदारांच्या दप्तरी आहे, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ हाच महामार्ग कित्येक दिवस रोखून धरला. जुलै २०२१ मध्ये तेथे पुनश्च पाणी आले. जे दोनदा घडले त्याला आकस्मिक म्हणणे मला मान्य नाही.

मालक परगावी असता खर्चाचा व निर्णयाचा अखत्यार कोणाकडे, पर्यायी पुरवठादार कोण, लोणंदच्या रेल्वेस्थानकाचा उपयोग कितपत होईल, खंबाटकी घाट बंद झाल्यास लोणंद-वाठारमार्गे अवजड वाहने जातील काय, आणि काम थांबले तरी कंत्राटी मजुराचे वेतन कोणत्या शिलकेतून द्यावयाचे, यांची उत्तरे शांत चित्तानेच ठरविता येतात. यांतील अखेरचा प्रश्न बहुधा विसरला जातो, आणि माझ्या मते तोच पहिला असावयास हवा, कारण मालाचा विमा उतरविता येतो, पण बुडालेल्या रोजाची भरपाई सहसा कोणी करीत नाही. कारखानदारांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तहसील कचेरीच्या सहकार्याने एकत्र बसून ही तजवीज करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.