घोरपड दिसली तर काठी शोधू नका!

घोरपड म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? सिंहगड, तानाजी मालुसरे आणि कड्याला चिकटलेली यशवंती! १६७० च्या त्या लढाईत खरंच घोरपड होती का, याबद्दल अनेक इतिहासकारांना शंका आहे. पण तिची पकड इतकी प्रसिद्ध की घोरपडे हे आडनावही तिच्यावरूनच पडलं, असं सांगतात.

मग हीच घोरपड अंगणात आली की आपण काठी का शोधतो?

बंगळूरच्या के. आर. पुरमसारख्या भागात मोकळ्या जागांवर झपाट्याने इमारती उभ्या राहिल्या. दगडांच्या कपारी, झाडांच्या ढोल्या आणि वारुळं ही घोरपडीची घरं. ती मोडली की ती बिचारी आपल्या कंपाउंडमध्ये येते. इथले कन्नड शेजारी तिला ‘उड’ म्हणतात. नाव कुठलंही असो, तिला पाहून उडणारी घाबरगुंडी मात्र सारखीच!

खरं तर घोरपड आपणहून माणसाच्या अंगावर येत नाही. ती आधी पळते. कपारीत शिरून अंग फुगवते, म्हणजे कुणाला ओढून काढता येत नाही. कोंडीत सापडली तरच फुत्कारते, शेपटीचा फटका मारते किंवा चावते. सापासारखी दुभंगलेली जीभ ती सारखी बाहेर काढते, ती वास घेण्यासाठी.

निसर्गात तिचं काम मोठं आहे. भुंगेरे, किडे, खेकडे, उंदीर, लहान साप, पक्ष्यांची अंडी असं मिळेल ते ती खाते, त्यामुळे या जीवांची संख्या आटोक्यात राहते. मेलेली जनावरंही खाते, म्हणून घाण आणि दुर्गंधी कमी होते. तिची अंडी आणि पिल्लं पुन्हा इतर प्राण्यांचं अन्न बनतात. शिकारी, सफाई कामगार आणि भक्ष्य, तिन्ही भूमिका एकटीच्या!

तिला खरा धोका आहे तो आपल्या अंधश्रद्धेचा. सांधेदुखीवर तेल म्हणून आणि मांसासाठी तिला मारतात. पैसा येतो म्हणून ‘हाथाजोडी’ नावाची ‘मुळी’ विकली जाते. ती मुळी नसतेच! तो नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. २०१७ मध्ये ही फसवणूक उघड झाली, तेव्हा ऑनलाइनही ती विकली जात होती. अशी वस्तू कुणी पूजेसाठी सुचवली, तर घरातल्या मोठ्यांना हे नक्की सांगा.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे, म्हणजे तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. तिला मारणं, पकडणं, विकणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो.

म्हणून घोरपड दिसली तर मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, लांब उभे राहा आणि तिला जायला वाट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा ती स्वतःच निघून जाते. घरात अडकली असेल, तर वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे.

यशवंतीची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. तिच्या आजच्या लेकींना थोडी जागाही देऊया!