पाटीवर 'ए' की 'ई'?

मैत्रिणींनो, वह्या-पेनांचं दुकान काढणाऱ्या एका भगिनीनं विचारलंय, 'स्टेशनरी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर'च्या आधी 'ए' घालायचा की 'ई'? पेंटर म्हणतो 'ए', नववीतली लेक म्हणते 'ई'.

लेकीचंच खरं! 'ए' घातला की अर्थ होतो, जागचं न हलणारं. पण पेंटरला हसू नका हं. दोन्ही शब्द एकाच आईची लेकरं. पूर्वी युरोपात फेरीवाल्यासारखं न हिंडता एके जागी दुकान मांडणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ साली स्थापन झाला. स्टेशनरचा माल ती स्टेशनरी.

खूण सोपी: 'अचल'चा 'ए', 'एन्व्हलप'चा 'ई'. आधी पाटीवर खडूनं लिहून घ्या. रंग चढल्यावर खोडायचा खर्च पदरचाच!