थंडीतली चाल आणि नाडीचा हिशेब
कार्तिकी वारीच्या सुमारास आळंदीत इंद्रायणीकाठचा पहाटगारवा बोचू लागतो, तरी चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाने चालणे सोडू नये. मात्र थंडीने त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भारही वाढतो, म्हणून सुरुवातीची दहा मिनिटे संथ चालावे. हृदयगती म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे टेकवून ३० सेकंद मोजून दुप्पट केले की ती कळते. २२० मधून वय वजा करून काढलेली कमाल गती पन्नाशीत १७० येते आणि मध्यम व्यायामात तिच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८५ ते ११९ ठोके, अपेक्षित असतात. परंतु हे सूत्र सरासरीचे आहे, त्यात व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, शिवाय बीटा ब्लॉकर गटाची औषधे ठोके मंद करतात, त्यामुळे ती घेणाऱ्याला मनगटी घड्याळातला आकडा हमखास चकवतो. त्यापेक्षा श्वासाची कसोटी भरवशाची: चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग गाता येऊ नये, इतपत वेग योग्य, आणि छातीत दडपण किंवा अवचित घाम जाणवल्यास घाटाच्या पायरीवर बरे वाटण्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.