कसोटीच्या आधी बेरीज

अनंत श्रेणींचा धडा सुरू झाला की पदवीच्या वर्गात वह्यांत कसोट्यांची यादी उतरते: तुलना, गुणोत्तर, संकलन. पेपरात कोणती लावायची, एवढंच मग लक्षात राहतं.

१ + १/२ + १/३ + १/४… ही श्रेणी घ्या. पदं लहान होत जातात, तेव्हा बेरीज कुठेतरी अडेल असं वाटतं. ती १०च्या पुढे जायलाच १२,३६७ पदं लागतात! पण ती अडत नाही. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळूनही अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठही तशीच. १४व्या शतकात निकोल ओरेमनं फ्रान्समध्ये मांडलेला हा युक्तिवाद शाळकरी मुलालाही पटेल. १/क्षच्या वक्राखालचं क्षेत्रफळही असंच अमर्याद वाढतं. संकलन कसोटीचं मूळ इथे आहे.

याउलट १ − १/३ + १/५ − १/७… ही बेरीज पायच्या चौथ्या हिश्शाकडे जाते. केरळात माधवाच्या परंपरेला ती ठाऊक होती. ज्येष्ठदेवाच्या मल्याळम ‘युक्तिभाषे’त तिची उपपत्ती आहे, तीही लायब्निट्झच्या शंभरहून अधिक वर्षं आधी. श्रेणी फार सावकाश सरकते, म्हणून या मंडळींनी शेवटी जोडायची दुरुस्तीची पदंही शोधली. हातानं आकडेमोड केल्याखेरीज अशी गरज कळत नाही.

विद्यार्थ्यांनो, कसोटी लावण्याआधी पहिल्या दहा पदांची बेरीज कागदावर करून पाहा. आणि प्राध्यापकहो, उत्तराइतकेच गुण कारणालाही द्या.